कावळा बसला म्हणून रोम पडले?

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत 'संस्कृती का बुडतात' असा परिसंवाद होता. पहिल्या वक्त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला रोम काढले. "जुपिटरला पुजत होते तोवर जग जिंकलं. जुपिटरला सोडलं, ख्रिस्ताला धरलं, आणि शंभर वर्षांत सगळा कारभार आटोपला. देव बदलला की देश जातो!" सभागृहाने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वक्त्या तयारीतच होत्या. त्यांच्या मते रोम आतून सडलेलेच होते. गुलामगिरी, ग्लॅडिएटर, चैनबाजी, आणि त्या चिखलात ख्रिस्ताच्या करुणेचे कमळ उगवले. त्यालाही टाळ्या, किंचित कमी. पुढे तासभर दोघांची जुंपली आणि त्या तासाभरात एका सम्राटाचे, एका कराचे की एका लढाईचे नाव निघाले नाही. बोलणे सगळे आजच्या, आपल्या इथल्या धर्मांतरांबद्दल चालले होते. रोम बिचारे मांडवाच्या खांबासारखे मध्ये उभे. ज्याला पाहिजे त्याने येऊन आपली पताका बांधावी.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडावी, तशी ख्रिस्ती धर्माच्या वाढीची आणि पश्चिम रोमच्या पडझडीची गाठ पडली आहे. फांदी का तुटली याची कारणे शोधायची तर महसुलाच्या आणि लष्कराच्या हिशेबात डोके घालावे लागते. कावळा तिथे का बसला याची कारणे निराळी, आणि त्यांतली बरीचशी फांदी भक्कम होती म्हणूनच निर्माण झाली. (कावळा कुणाच्या धर्माला उद्देशून नाही. म्हणीत तोच पक्षी आहे, त्याला माझा इलाज नाही.)

हा वाद पडझडीच्याही आधीपासून चालू आहे. रोमच्या सिनेटमध्ये विजयादेवीची वेदी होती. सभासद आत येताना तिच्यापुढे धूप जाळत. ३८२ साली ग्रेशियन या ख्रिस्ती सम्राटाने ती हलवली आणि व्हेस्टादेवीचा अग्नी राखणाऱ्या कुमारिकांचे सरकारी अनुदान बंद केले. दोन वर्षांनी रोमचा नगरप्रमुख सिमॅकस याने दरबारात अर्ज केला: वेदी परत द्या, अनुदान परत द्या; कुमारिकांच्या तोंडचा घास काढलात म्हणून दुष्काळ पडला. त्याच अर्जात "एवढ्या मोठ्या रहस्यापाशी एकाच वाटेने पोचता येत नाही" असे एक वाक्य आहे, ते आपल्यापैकी कुणालाही घरचे वाटेल. मिलानचा बिशप अँब्रोज याने दिलेले उत्तर मात्र पक्के वकिली आहे. गॉल लोक रात्री रोमवर चढून आले तेव्हा कॅपिटॉल टेकडीवरच्या हंसांनी कलकलाट करून शहर वाचवले, ही रोमकरांची लाडकी कथा. अँब्रोज विचारतो, तेव्हा जुपिटर कुठे होता? हंसाच्या तोंडून बोलत होता की काय? अर्ज फेटाळला गेला. पुढे सव्वीस वर्षांनी, २४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिक या सरदाराचे गॉथ, म्हणजे जर्मन वंशाचे टोळीवाले, रोममध्ये शिरले आणि त्यांनी तीन दिवस शहर लुटले. "बघा, आम्ही सांगत नव्हतो!" हा सूर इतका चढला की तो खोडून काढायला ऑगस्टीन या बिशपाला बावीस भागांचा ग्रंथ लिहावा लागला.

आमच्या पहिल्या वक्त्यांनी आधार घेतला तो गिबन या इंग्रज इतिहासकाराचा. रोमच्या ऱ्हासावरच्या त्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ साली आला. मठांत जाऊन बसलेले धडधाकट तरुण, दानधर्मात गेलेला पैसा, सहनशीलतेचे उपदेश, या सगळ्यांवर त्याने बोट ठेवले हे खरे. पण त्यानेच असेही लिहिले की पहिला ख्रिस्ती सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या धर्मांतराने पडण्याची घाई झाली असेल, तरी त्याच धर्माने पडण्याचा मार हलका केला आणि जिंकणाऱ्यांचा रानटीपणा सौम्य केला. गिबनचे नाव घेणारे बहुतेक जण वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावरच उतरतात.

आता मुद्द्याकडे येतो. कावळा एक होता, पण फांद्या दोन होत्या. ३९५ साली सम्राट थिओडोसियस वारला आणि साम्राज्य त्याच्या दोन मुलांत वाटले गेले. पश्चिमेकडचा भाग ४७६ साली संपला. पूर्वेकडचा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलचा, २९ मे १४५३ पर्यंत चालला. मध्ये १२०४ साली ती राजधानी एकदा पडली, तीही ख्रिश्चन क्रुसेडवाल्यांच्याच हातून. आता या दोहोंत जास्त ख्रिस्ती कोण? निःसंशय पूर्व. आशिया मायनर, सीरिया, इजिप्त इथे नवा धर्म आधी रुजला आणि खोल रुजला. संन्यासी मठांची प्रथाच इजिप्तच्या वाळवंटातली. सीरियात अलेप्पोजवळ सिमिऑन नावाचा साधू तीसहून अधिक वर्षे एका उंच खांबाच्या टोकावर राहिला आणि त्याच्या पायथ्याशी यात्रा भरत असे. मठांत माणसे गेली म्हणून सैन्य ओस पडले असेल, तर आधी पूर्व कोसळायला हवी होती. खांबावरच्या साधूला पोसणारी फांदी हजार वर्षे टिकली, आणि जिथे सिनेटर शेवटपर्यंत विजयादेवीसाठी अर्ज करत होते ती मोडली. या एका गोष्टीला आमच्या वक्त्यांकडे काय उत्तर आहे? त्यांनी तिचा उल्लेखच केला नाही, कारण 'रोम' म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे फक्त इटली येते.

दुसरे असे की रोम ख्रिस्ती होण्याच्या आधी एकदा जवळजवळ मेलेच होते. २३५ ते २८४ या पन्नास वर्षांत वीसहून अधिक सम्राट झाले आणि त्यांतले मोजके अंथरुणावर मेले. गॉल (आजचा फ्रान्स) वेगळे निघाले, सीरियातल्या पामिराची राणी झिनोबिया वेगळी निघाली, डॅन्यूबपलीकडचा डेशिया कायमचा सुटला. चांदीच्या नाण्यातली चांदी पाच टक्क्यांच्याही खाली गेली. वर साथ. तेव्हा सिंहासनावर कोण होते? जुन्या देवांचे कट्टर भक्त. डेसियसला वाटले, देव रुसले आहेत. त्याने फर्मान काढले की प्रत्येकाने देवाला बळी द्यावा आणि तसा सरकारी दाखला घ्यावा. इजिप्तच्या कोरड्या मातीत यांतले काही दाखले सापडले आहेत. एकात अर्जदार डायोजेनिस नावाचा खेडूत आहे, वय ७२, ओळखीची खूण 'उजव्या भुवईवर व्रण'. मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आताही तुमच्या समक्ष दिला, प्रसाद चाखला, कृपया सही करावी, असा मजकूर. तलाठी कार्यालयात हयातीचा दाखला मागणाऱ्या म्हाताऱ्यासारखाच तो वाटतो. एवढे करून काय झाले? २५१ साली अब्रिटसच्या लढाईत गॉथांनी डेसियसला मारले. परक्या शत्रूशी लढताना रणात पडलेला तो पहिला रोमन सम्राट. त्याच्यामागून व्हॅलेरियनने बिशपांना ठार मारण्याचे हुकूम काढले, आणि २६० साली इराणच्या शापूरने त्याला जिवंत पकडला. इराणमधल्या नक्श-ए-रुस्तमच्या कड्यावर शापूरने तो प्रसंग कोरून ठेवला आहे. 'देव बदलला की देश जातो' हे सूत्र खरे असेल तर 'देव धरून ठेवला की देश राहतो' हेही खरे असले पाहिजे. व्हॅलेरियनला विचारा.

आणि ज्युलियन? कॉन्स्टंटाइनचा हा पुतण्या ख्रिस्ती म्हणून वाढला आणि गादीवर येताच जुन्या देवांकडे परतला. विद्वान, शूर, साधा राहणारा. माझ्या मनात त्याच्याविषयी हळवा कोपरा आहे. त्याने ३६३ साली इराणवर स्वारी केली, परतीच्या वाटेत भाला लागून मेला, आणि उपाशी सैन्य सुखरूप बाहेर काढण्यासाठी त्याच्या वारसाला निसिबिसचा किल्ला शत्रूच्या हाती द्यावा लागला. हे यश जुपिटरच्या खात्यावर मांडायचे का? मी मांडणार नाही. पण मग पंधरा वर्षांनी एड्रियानोपलला ख्रिस्ती सम्राट व्हॅलेन्स गॉथांकडून हरला तो ख्रिस्ताच्या खात्यावर मांडू नका.

आता जे कबूल केले पाहिजे ते मोकळेपणी कबूल करतो, कारण चर्चची बाजू घेणारे इथे हमखास घसा खाकरतात. चौथ्या शतकातले चर्च हे भांडकुदळ घर होते. ३६६ साली पोपपदासाठी डमासस आणि उर्सिनस यांचे समर्थक भिडले तेव्हा एका दिवसात रोममधल्या एकाच प्रार्थनामंदिरात १३७ प्रेते सापडली. ही नोंद अम्मियानस मार्सेलिनस याची. तो जुन्या देवांचा, पण सैन्यात अधिकारी राहिलेला आणि सहसा उगीच आग न लावणारा माणूस. तोच सांगतो की परिषदांना जाणाऱ्या बिशपांच्या झुंडींनी सरकारी टपालाचे घोडे दमवून टाकले. देवपिता आणि पुत्र येशू एकाच तत्त्वाचे की सारख्या तत्त्वाचे, यावर शहरेच्या शहरे पेटत होती आणि सम्राट त्यात बाजू घेत होते. अँटिऑकचा वक्ता लिबॅनियस मंदिरे पाडत फिरणाऱ्या साधूंना 'हत्तींहून जास्त खाणारी काळ्या झग्यांची जमात' म्हणतो. अलेक्झांड्रियाचे सेरापियमचे मंदिर जमावाने पाडले, ४१५ साली तिथल्याच जमावाने हायपेशिया या तत्त्वज्ञ विदुषीला ठार मारले. सिमॅकस आणि अँब्रोज यांत कुणासोबत जेवायला बसशील असे विचारले तर मी सिमॅकसच्या पंगतीला बसेन.

पण भांडकुदळ असणे आणि साम्राज्य बुडवणे यांत अंतर आहे. पूर्वेत याहून भयंकर धर्मभांडणे झाली. इजिप्त आणि सीरियातले बहुसंख्य ख्रिस्ती राजधानीच्या मताशी शतकानुशतके फटकून होते. त्याची किंमत सातव्या शतकात अरबांपुढे काही प्रमाणात मोजावी लागली, असे म्हणायला जागा आहे. तरीही राज्य उभे राहिले. पश्चिमेत तर ही भांडणे त्या मानाने मवाळ होती.

मग येतो शौर्याचा मुद्दा, आणि मला वाटते वक्त्यांच्या मनातला खरा मुद्दा हाच होता: अहिंसेचा, क्षमेचा उपदेश ऐकून रोमन शिपाई मेंगळट झाला. पुरावा म्हणून सैन्यभरती टाळण्यासाठी अंगठे तोडून घेणाऱ्या तरुणांबद्दलचे कायदे दाखवतात. कायदे खरे आहेत. ३८१ च्या एका कायद्यानुसार जमीनदाराला एका धडधाकट माणसाऐवजी असे दोन अंगठेतुटके द्यावे लागत. पण हीच करामत ऑगस्टसच्या काळात एका प्रतिष्ठित रोमन गृहस्थाने आपल्या दोन मुलांवर केली होती, आणि ऑगस्टसने त्याला मालमत्तेसकट लिलावात काढले. तेव्हा येशूला कुणी ओळखतही नव्हते. उलट कॉन्स्टंटाइनच्या कारकिर्दीत, ३१४ साली आर्ल्सच्या धर्मपरिषदेने शांततेच्या काळात शस्त्र टाकून देणाऱ्याला बहिष्काराची शिक्षा सांगितली. पुढच्या काळातली शिपायाची शपथ देव, ख्रिस्त, पवित्र आत्मा आणि सम्राट यांच्या नावे घेतली जाई. निशाणावरचे चिन्ह बदलले, निशाणामागे चालणे बदलले नाही. आणि एक गंमत कुणी पाहतच नाही: रोम लुटणारा अलारिक ख्रिस्ती होता. कार्थेज घेणारा व्हँडल राजा गेसेरिक ख्रिस्ती होता. शेवटच्या सम्राटाला घरी पाठवणारा ओडोआकर ख्रिस्ती होता. क्षमेच्या उपदेशाने हरणारा मऊ होतो आणि जिंकणारा कठोर राहतो, हा कुठला न्याय?

महाराष्ट्राला हा वाद नवा नाही. संतांनी टाळ कुटायला लावून मराठी माणूस पंगू केला असे राजवाड्यांना वाटे. त्याच संतांनी स्वराज्याची जमीन नांगरून ठेवली असे रानडे म्हणत. एकाच अभंगातून एकाला दुबळेपणा दिसला आणि दुसऱ्याला बळ. दोघेही थोर, पण तह, फौजा, चौथाई आणि किल्ले यांचा हिशेब अभंगात मिळत नाही, हे राजवाड्यांइतके कागद चाळलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होते.

तर हिशेब. रोमचे सैन्य पगारी होते, पगार करातून येई, आणि कर शेतीतून. हे चक्र जिथे तुटले तिथे राज्य तुटले. पूर्वेला इजिप्तचे धान्य, सीरिया आणि आशिया मायनरची श्रीमंत शहरे मिळाली, आणि त्या सगळ्याला बॉस्फरसच्या पाण्याची आणि ४१३ सालच्या तटबंदीची आड मिळाली. पश्चिमेच्या वाट्याला ऱ्हाइन आणि वरच्या डॅन्यूबची लांबलचक सरहद्द, आणि मागे खर्चाला पुरवठा करणारी मुख्यतः एकच दुभती गाय: उत्तर आफ्रिका, आजचा ट्युनिशिया आणि भोवतालचा प्रदेश. ४०६ च्या शेवटच्या दिवशी व्हँडल, अलान आणि सुएबी यांच्या टोळ्या ऱ्हाइन ओलांडून आल्या. गॉल आणि स्पेन लुटत त्यांतले व्हँडल आफ्रिकेत उतरले आणि ४३९ साली त्यांनी कार्थेज घेतले. त्यानंतर पाचच वर्षांनी सम्राट तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने काढलेला कायदा वाचावा. जमा होणारा कर जुन्या शिपायांच्या अन्नवस्त्रालाही पुरत नाही, नव्यांचे तर बोलायलाच नको, असे सरकार स्वतःच लिहून देते आणि खरेदीविक्रीवर नवा कर बसवते. पुढच्या वर्षी, आफ्रिकेतले जे प्रांत हाती उरले होते त्यांचा कर आठव्या हिश्श्यावर आणावा लागला, इतके ते उजाड झाले होते. ज्या सरकारवर हे लिहायची वेळ येते त्याला बुडायला देवाचा रोष लागत नाही.

त्याच्या जोडीला मूर्खपणा आणि हावरटपणा भरपूर. ३७६ साली हूणांच्या भीतीने गॉथ डॅन्यूबकाठी आले आणि आश्रय मागू लागले. रोमने घेतले, आणि घेतल्यावर उपाशी मारले. लुपिसिनस आणि मॅक्सिमस हे दोन अधिकारी गावोगावचे कुत्रे गोळा करवून ते भुकेल्या गॉथांना खायला विकत, भाव एका कुत्र्याला एक गुलाम. देण्यासारखे काही न उरलेल्यांनी पोटची पोरे दिली, त्यांत सरदारांचेही मुलगे होते. अम्मियानसने हे लिहून ठेवले आहे. दोन वर्षांनी एड्रियानोपलला याच गॉथांनी व्हॅलेन्ससकट पूर्वेच्या फौजेचा चक्काचूर केला. जेमतेम तिसरा हिस्सा वाचला. ४०८ साली दरबारी कारस्थानात स्टिलिको या सर्वांत कर्तबगार सेनापतीचे मुंडके उडवले आणि रोमच्या नोकरीतल्या परकीय शिपायांच्या बायकापोरांची इटलीच्या शहरांतून कत्तल केली. ते शिपाई, इतिहासकार झोसिमस तीस हजारांचा आकडा देतो, सरळ अलारिकला जाऊन मिळाले. ४५४ साली तिसऱ्या व्हॅलेंटिनियनने आपल्या हाताने सेनापती एशियसला भोसकले. झाले ते बरे झाले का असे त्याने विचारल्यावर एक जण म्हणाला म्हणे, "ते मला माहीत नाही, पण डाव्या हाताने उजवा हात तोडलात एवढं कळलं." यांतल्या कुठल्या निर्णयाला बायबल लागते?

एक छोटे विषयांतर करतो. अलारिकने ४०८ साली वेढा उठवण्यासाठी जी खंडणी घेतली तिची यादी उरली आहे: पाच हजार पौंड सोने, तीस हजार पौंड चांदी, चार हजार रेशमी अंगरखे, किरमिजी रंगवलेली तीन हजार कातडी आणि तीन हजार पौंड मिरी. जवळजवळ टनभर मिरी! ती आपल्या मलबारची. या व्यापाराचा आपल्याकडचा माग बघायचा असेल तर कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात जावे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकात सापडलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती तिथे आहे. समुद्राचा देव, वीतभरही उंच नाही. ज्या काळात ती कोकणातल्या कुठल्याशा बंदरात उतरून घाट चढली तेव्हा रोम भरभराटीत होते. तिला पाहिले की मला 'सडलेले रोम' हा शब्दप्रयोग आठवतो आणि हसू येते.

कारण दुसऱ्या वक्त्यांची बाजूही तितकीच कच्ची होती. रोमची नीती बिघडली ही तक्रार रोमन इतिहासकार सॅलस्टने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात केली. त्यानंतर साम्राज्य पाचशे वर्षे चालले. गुलामगिरी आणि ग्लॅडिएटर सीझरच्या वेळीही होते, आणि तेव्हा रोम जिंकत होते. ख्रिस्ती झाल्यावरही गुलामगिरी चालूच राहिली. नीतीच्या घसरणीने राज्ये बुडत असती तर बहुतेक राज्ये स्थापनेच्या दुसऱ्या पिढीतच बुडाली असती.

मग हा धर्म पसरला कसा? तलवारीने की प्रेमाने, असे दोनच पर्याय आमच्या सभागृहात होते. कालक्रम पाहिला की दोन्ही लंगडे पडतात. कॉन्स्टंटाइनने मिल्व्हियन पुलाची लढाई जिंकली ती ३१२ साली, आणि सहिष्णुतेचा करार झाला तो ३१३ साली. तोवर राज्याची तलवार ख्रिश्चनांच्या विरुद्ध होती, आणि तरीही पाच-सहा कोटींच्या साम्राज्यात सुमारे दहावा हिस्सा ख्रिस्ती झाला होता असा अभ्यासकांचा अंदाज आहे. यात चमत्कार शोधायची गरज नाही. एक साधा हिशेब मांडला गेला आहे: ४० साली हजार माणसे धरा आणि दर दशकाला चाळीस टक्के वाढ, ३०० साली त्रेसष्ट लाख होतात. चक्रवाढ व्याज म्हणजे काय हे आपल्या आजोबांना सावकाराने शिकवलेले आहे. वाढ कुठे झाली? अँटिऑक, अलेक्झांड्रिया, कार्थेज, रोम. म्हणजे रस्ते, बंदरे, टपाल, सर्वांना समजणारी ग्रीक भाषा जिथे होती तिथे. साम्राज्य सर्वांत जिवंत होते तिथे. खेडी शेवटी बदलली, इतकी शेवटी की लॅटिनमधला 'खेडवळ' हाच शब्द जुन्या देवांच्या उपासकाला चिकटला.

आणि करुणा? होती, पण ती नुसती भावना असती तर टिकली नसती. ती व्यवस्था होती. २५१ साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात आपल्या चर्चचा पट सांगतो: ४६ धर्मगुरू, ७ डीकन (त्यांचे मदतनीस), आणि मदतीवर जगणाऱ्या विधवा व गरजू माणसे पंधराशेच्या वर. म्हणजे डेसियसच्या छळाच्या धामधुमीतूनही नोंदवही नीट टिकली होती. ज्युलियनला हे बरोबर दिसले. गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला तो लिहितो की हे गॅलिलीवाले (म्हणजे ख्रिस्ती) स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्याला त्याची लाज वाटायला हवी. मग तो दरसाल तीस हजार माप गहू मंजूर करतो. पाचवा हिस्सा पुजाऱ्यांच्या पदरी असलेल्या गरिबांना, बाकी वाटसरू आणि भिकाऱ्यांना. उपाय योग्य होता, उशिरा सुचला. त्याच वर्षी, ३६२ साली, तो अँटिऑकजवळच्या डाफनीला अपोलोच्या वार्षिक उत्सवासाठी मोठ्या हौसेने गेला. बळींचे बैल, धूप, शुभ्र कपड्यांतली मुले, असे सगळे डोळ्यांपुढे आणत गेला. देवळात एकटा म्हातारा पुजारी होता. शहराने काय आणले आहे, असे सम्राटाने विचारले. पुजारी म्हणाला, शहराने काही नाही. मी घरून एक हंस आणला आहे.

हे लक्षात घ्या की तेव्हा बहुसंख्य लोकांना ख्रिस्ती व्हायची कायद्याने सक्ती नव्हती, आणि खुद्द सम्राट अपोलोच्या बाजूचा होता. सक्ती पुढे आली. ३८० च्या फर्मानाने एकच मत अधिकृत ठरले, ३९१-३९२ मध्ये बळी देण्यावर बंदी आली, आणि जुन्या देवांची उरलीसुरली घरे त्यानंतर हिसकावून घेतली गेली. आमच्या वक्त्या बाईंनी हा भाग गाळला, आणि त्यांचे करुणेचे कमळ तिथे कोमेजते. पण पहिली तीन शतके जे घडले त्याचा जाब चौथ्या शतकाच्या शेवटच्या फर्मानाकडे मागता येत नाही.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी चिठ्ठी पाठवली होती: 'पूर्वेचे साम्राज्य का टिकले?' वेळेअभावी ती वाचली गेली नाही. घरी येताना एक वेगळीच गोष्ट डोक्यात घोळत होती. ३०३ साली चर्च पाडायचे, ग्रंथ जाळायचे हुकूम काढणारा सम्राट डायोक्लेशियन हा तसा उत्तम प्रशासक. त्याच्या राज्यव्यवस्थेत प्रांतांचे गट पाडून त्यांचे बारा मोठे विभाग झाले आणि त्यांना 'डायोसिस' हे नाव मिळाले. पश्चिमेतले राज्य गेले, अधिकारी गेले, पण बिशपांनी तो साचा आणि तो शब्द उचलला आणि चालू ठेवला. मराठी ख्रिस्ती मंडळी त्याला 'धर्मप्रांत' म्हणतात. वसई धर्मप्रांत १९९८ साली झाला; त्या शब्दातला 'प्रांत' डायोक्लेशियनच्या कचेरीतला आहे.